घंटा आधी की गोल आधी

रतन,

ढालीचा अंतिम सामना परवा झाला. निकाल तुला सांगायचा आहे. तू असतास तर दारातूनच म्हणाला असतास, "पंडित, पहिले निकाल सांग, मंग तुन्हं पुरान लाव." आजवर तुझं ऐकत आलो. पण आता तुला दुकान उघडायची घाई नाही आणि मला मध्येच तोडणारं कुणी नाही. तेव्हा यंदा पुराण आधी आणि निकाल शेवटी.

तुझ्यामागं बाजारपेठेत शोकसभा झाली. तुझा सचोटीचा व्यवहार, धर्मशाळेची विहीर, दुष्काळी साली उघडलेलं धान्याचं कोठार, सगळं बोलून झालं. बोलणारे खरंच बोलत होते. फक्त चेंडूचं नाव कुणी काढलं नाही, आणि सभेत उभं राहून बोलणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. घरी आलो आणि फडताळ उघडलं. चेंडू होता तिथंच होता, मोठा शब्दकोश आणि भिंत यांच्या मध्ये. आता त्याला वास येत नाही. पूर्वी केवढा यायचा.

त्या वासापासूनच आपली ओळख सुरू झाली. आपण एका वर्गात होतो, पण तू मागच्या बाकावर पेंगणारा मारवाड्याचा पोर आणि मी पुढच्या बाकावरचा कारकुनाचा मुलगा. सुट्टी संपवून तू सुरतेहून मामाकडून परत आलास तेव्हा तुझ्या बगलेत धोतरात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं. मी शाळेच्या ओट्यावर वाचत बसलो होतो.

"काय करी ऱ्हायना रे पंडित? पुस्तक खाई ऱ्हायना का?"

मी मान वर केली नाही. तू शेजारी बसलास आणि धोतर सोडलंस. चामडं, चरबी आणि सुरतेच्या कुठल्याशा दुकानातला ओलसर काळोख, असा सगळा वास एकदम नाकात गेला.

"मन्ही माय चामडं घरमा येऊ देत नही. तुन्हा घर ठेव."

"का म्हणून?"

"तुन्हा घर पुस्तकंच पुस्तकं शेतस. एक चेंडूनी काय गर्दी व्हई?"

मी ठेवून घेतला. का ते मला आजही सांगता येत नाही. रात्री वडिलांनी जेवताना दोनदा नाक ओढलं आणि आईला विचारलं, "फडताळात उंदीर मेलाय का?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आमटी भुरकत राहिलो. पुढं तो वास आमच्या घराचाच झाला. माझं सगळं संस्कृत त्या वासात पाठ झालेलं आहे. अजूनही काही श्लोक आठवले की आधी चरबी आठवते.

रोज संध्याकाळी तू चेंडू न्यायला यायचास. खेळ झाला की परत आणून ठेवायचास, आमच्या विहिरीवर कोपरापर्यंत हात आणि गुडघ्यापर्यंत पाय धुवायचास आणि घराकडे पळायचास. आपण आईला, माँजींना, फसवतो आहोत असं तुला वाटे. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. त्यांची अट एकच होती: सूर्य मावळायच्या आत ताटावर बसायचं. "सूरज डूब्यां पछै पाणी भी कोनी." उशीर झाला की त्या रागवत नसत, ताट मात्र झाकून ठेवलेलं असे आणि ते सकाळीच उघडे. किती सकाळी तू शाळेत सुकलेल्या तोंडानं आलास. त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मैदानावर हजर.

मैदान म्हणजे तरी काय, तुझ्या वडिलांच्या मिरचीच्या आवाराला लागून पडलेली मोकळी जमीन. थंडीच्या दिवसांत इकडं गवत पिवळं पडलेलं आणि तिकडं वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल गालिचा. मध्ये कुंपण नव्हतं. चेंडू मिरच्यांत गेला की तो आणायला कुणी जायचं यावर भांडण. अनवाणी पाय, त्यातून टाचांना भेगा. नवापूरची मुलं पहिल्यांदा खेळायला आली तेव्हा त्यांचा एक जण उत्साहानं मिरच्यांत धावला आणि परत येऊन त्यानं त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसला. पुढचा सगळा खेळ त्यानं रडत खेळला, आणि गोलही त्यानंच केला. तू म्हणालास, आता आपल्या पोरांनाही हेच औषध लावलं पाहिजे.

मग चार शाळांचे सामने ठरले, आपलं नंदुरबार, तळोदे, शहादे आणि नवापूर. आज ही हायस्कुलांची स्पर्धा म्हणून लोक बोलतात तेव्हा त्यांना वाटतं की कुणी मोठ्या माणसानं बसून ती आखली असेल. तू गाडीवानांबरोबर निरोप पाठवलेस, एवढीच आखणी. ढालसुद्धा तूच मिळवलीस. वडिलांना म्हणालास, चामड्याला घरात जागा नसेल तर नसो, पितळ तर चालतं ना? त्यांनी हसत हसत तांबटाला सागाच्या फळीवर पितळेचा पत्रा ठोकून द्यायला सांगितलं.

अडलं ते वेळेवर. आपल्या शाळेचं घड्याळ मुंबईच्या वेळेवर चाले, स्टेशनवरचं रेल्वेच्या, आणि शहाद्याच्या ड्रिलमास्तरांचं, तू म्हणायचास तसं, त्यांच्या सासऱ्यांच्या. पहिल्याच सामन्यात खेळ संपला की नाही यावरून दोन्हीकडची माणसं अंगावर धावून गेली. तेव्हा तू मध्ये पडून म्हणालास, घड्याळं खिशात ठेवा. सामना बरोबरीत असेल तर सूर्य स्टेशनच्या पाण्याच्या टाकीला टेकेपर्यंत खेळायचं. टेकला की घंटा. तरीही बरोबरी राहिली तर ढाल दोघांची, अर्धं वर्ष यांच्याकडे, अर्धं त्यांच्याकडे. सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं, कारण सूर्य कुणाच्याच शाळेचा नव्हता. टाकीच का, ते फक्त मला माहीत होतं. सूर्य टाकीला टेकल्यापासून मावळेपर्यंत हातपाय धुऊन जेवण उरकण्याइतका वेळ मिळतो. तू आपल्या माँजींची अट चार शाळांना लावलीस आणि कुणाला कळूही दिलं नाहीस.

माँजी मात्र तुझ्यापेक्षा हुशार. अंतिम सामन्याला तू घरी वेळेवर येशील यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी वरण आणि तुपात बुडवलेल्या बट्ट्या मैदानावरच पाठवल्या. एकट्या तुझ्यापुरतं अन्न बाहेर पाठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून दोन्ही संघांना पुरेल एवढं. त्या दिवसापासून सामन्यानंतरची पंगत सुरू झाली. कोण कुणाच्या शेजारी बसलं आहे हे पाहून गावातले काही लोक कुजबुजले. तू त्यांच्या पुढ्यात जाऊन म्हणालास, "तुमीबी बठा ना."

आणि मी. मला खेळ येत नव्हता, धावलो की धाप लागे. तू मला शाळेच्या गच्चीवर चढवलंस. तिथं रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर लोखंडी कांब मारली की गावभर ऐकू जाई. "तुले खेळता येत नही, पन बसता ते येस. मंग वर बस आनि सूर्य देख." सगळे हसले. मीही हसलो. त्या क्षणापर्यंत मला कुणी कुठल्याच खेळात घेतलं नव्हतं, रतन. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता तो सामना. आपलं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं. समोर तळोद्याचा संघ. त्यांच्यातली निम्मी मुलं सातपुड्यातली, तळोद्याच्या वसतिगृहात राहून शिकणारी पावरा आणि भिल्ल मुलं. त्यांचा कप्तान रायसिंग, धडगावच्याही पुढच्या पाड्यावरचा. नावेतून तापी उतरून बैलगाडीतून ती मुलं आली. गाडीत जागा कमी म्हणून निम्मी चालत. रायसिंग तुझ्याहून बुटका होता, पण चेंडू त्याच्या पायाजवळ पाळल्यासारखा राहायचा.

दोघांचा एकेक गोल झाला होता. मी वर कांब हातात धरून उभा होतो. सूर्य लाल होऊन टाकीच्या वर आला होता आणि मिरच्यांच्या आवाराचा लाल रंग नि त्याचा रंग एक झाला होता. खाली तू रायसिंगला चुकवून निघालास. मला सूर्याकडे पाहायचं होतं, पण एक डोळा तुझ्याकडे जात होता. तू मारलंस. चेंडू गोलाच्या दोन बांबूंच्या मधून गेला. मग सूर्य टेकला. मग मी टोला दिला. तीन गोष्टी, एकामागून एक, फार जवळ जवळ. पण त्यांचा क्रम मी वरून पाहिलेला आहे.

खाली एकच गलका. पंचांना काही कळेना. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "घंटा आधी की गोल आधी?" आपली मुलं ओरडली, गोल. तळोद्याची मुलं घाम पुसत तुमच्याकडे बघत उभी होती. आणि तू म्हणालास, "घंटा आधी. मी आयकी."

मी जिना उतरून धावत आलो. धाप लागलेली, तरी म्हणालो की नाही, घंटा नंतर, मी स्वतः वाजवली. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास.

"पंडित, घंटा तू वाजाडी, पन आयकी मी."

यावर सगळं मैदान हसलं आणि निर्णय झाला. ढाल दोघांची. पहिलं अर्धं वर्ष पाहुण्यांचं.

तिथून आपला वाद सुरू झाला. तू दुकानाच्या गादीवर बसायला लागलास, मी पुण्याहून शिकून आपल्याच शाळेत शिकवायला आलो, आपली लग्नं झाली, तरी तो वाद चालूच होता. मी म्हणत असे, तू खोटं बोललास. तू म्हणत असस, कान मन्हा शेतस. मी म्हणत असे, तू त्या मुलांवर दया केलीस, आणि खेळात दया म्हणजे अपमान. त्यांना हरायचा हक्क होता, तोही तू काढून घेतलास. यावर तू मात्र हसत नसस. एकदा, एकदाच, गोणीवर बसून शेंगा फोडता फोडता म्हणालास, "दया नही रे. पुढला साल त्या येवाले पाहिजेत ना."

मी म्हणालो, हरले असते तरी आले असते. तू म्हणालास, "तू येता का, इतलं चालीसन?" वाद मात्र मिटला नाही. मिटू द्यायचा नव्हता दोघांनाही, असं आता वाटतं.

त्या वर्षी ढाल परत आली तो दिवस तुला आठवत असेल. मोहाची फुलं वेचून संपली की ढाल खाली आणून देऊ, असं रायसिंग सांगून गेला होता. आपल्या हेडमास्तरांना वाटलं, गेली ती गेली. चैत्र सरता सरता रायसिंगचे वडील दुकानासमोर उभे राहिले. पाठीवर नव्या फडक्यात बांधलेली ढाल. डोंगरातून ते चालत आले होते, तापी उतरून. तू त्यांना बसवलंस, पाणी दिलंस. आपल्याला त्यांची बोली येत नव्हती आणि त्यांना आपली अर्धीमुर्धी. हातांनी आणि चारदोन शब्दांनी त्यांनी सांगितलं की ढाल होळीला पाड्यापाड्यांवर फिरली, तोरणमाळपर्यंत जाऊन आली, सगळ्यांनी पाहिली. सागाच्या फळीला मोहाचा गोड, आंबूस वास लागला होता. माँजींनी लांबूनच हुंगून नाक मुरडलं. तू म्हणालास, "चामडाथीन ते बरा शे ना, माय?"

पुढं सामने होत राहिले. कधी आपण जिंकलो, कधी शहादे, एकदा नवापूर. दरवर्षी मी गच्चीवर आणि तू खाली पंगतीच्या तयारीत, डोक्याला पंचा बांधून. तशी बरोबरी पुन्हा कधी झाली नाही. आणि तळोदे पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोचलं नाही. मी तुला टोमणा मारत असे की तुझी दया काही उपयोगी पडली नाही. तू म्हणत असस, "थांब ना जरा."

मग युद्ध आलं, आणि बेचाळीसचा तो सप्टेंबर, मिरवणुकीतल्या शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या तो. त्यानंतर या गावातल्या शाळेच्या मुलांना मैदानावर धावा म्हणायला माझी जीभ वळेना. तुझीही वळली नाही. तू ढाल उतरवून गोणपाटात गुंडाळलीस आणि चेंडूतली हवा आपणच काढली. हवा जाताना झालेला आवाज आपण दोघांनी ऐकला आणि एकमेकांकडे पाहिलं नाही.

ती हवा पुन्हा भरायची असं यंदा उन्हाळ्यात तू ठरवलंस. मला म्हणालास की ज्या मुलांनी तो सप्टेंबर पाहिला नाही ती आता शाळेत आली आहेत, त्यांना धावू दे. चारी शाळांना तू पुन्हा निरोप पाठवलेस. दिवाळीनंतर शहाद्याला बैठक ठरली. आणि बैठकीच्या आधी ताप आला. पहिल्या आठवड्यात मी येऊन बसलो की तू सामन्यांचंच बोलत होतास. दुसऱ्या आठवड्यात बोलणं कमी झालं. एका दुपारी तू डोळे मिटूनच विचारलंस, "टाकी दिखस ना रे गच्चीवरथीन? मधमा झाड वाढनं व्हई." मी म्हणालो, दिसते. मी पाहून आलो नव्हतो. घरी जाताना वाट वाकडी करून गच्चीवर चढलो. लिंब वाढलेला होता, पण टाकी दिसत होती. दुसऱ्या दिवशी ते तुला सांगायला आलो तेव्हा तू झोपलेला होतास. मग सांगायचं राहिलं. ती दिसते, रतन.

तुझ्याऐवजी शहाद्याच्या बैठकीला मी गेलो. सामने सुरू करायला सगळे तयार होते. पण शहाद्याचे हेडमास्तर म्हणाले की आता जग पुढं गेलं आहे, घड्याळं एका वेळेवर आली आहेत, सूर्याचा आणि अर्ध्या ढालीचा खेळ पुरे. बरोबरी झाली तर जादा वेळ, तरीही झाली तर चिठ्ठी टाकायची. ढाल एकाची. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी इतकी वर्षं हेच म्हणत आलो होतो. एका सामन्याला एक विजेता हवा, ही माझीच बाजू होती, आणि तिथं ती आयती जिंकत होती.

मी उभा राहिलो. मी म्हणालो, "यंदाचं वर्ष जुन्या नियमानं होऊ द्या. ज्यानं नियम केला तो गेल्याला महिना झालेला नाही." एवढंच. हेडमास्तर सज्जन माणूस, ते म्हणाले, "ठीक आहे गुरुजी, यंदापुरतं. पुढच्या वर्षी नियम बदलायचा." म्हणजे माझ्या पदरात एक सामना आला. पुढचं त्याच्यावर होतं. परतीच्या गाडीत मला वाटलं की तू शेजारी बसून खांद्यानं खांदा ढकलतो आहेस.

माँजींकडे गेलो. पंगतीचं विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. घरात सुतक सरलं होतं, पण ओटीवर अजून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच विचारलं, सामना कधी आहे? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बट्ट्या येतील. सूरज डूबण सूं पैली सगळां नै जिमा दीज्यो." सगळ्यांना दिवसाउजेडी जेवू घाल. इतकी वर्षं ही अट त्या तुला घालत होत्या. आता मला घातली.

अंतिम सामना आपला आणि तळोद्याचा. हो, तळोद्याचा. त्यांचा कप्तान वेस्ता हा रायसिंगचा पुतण्या, काकासारखाच बुटका. रायसिंग स्वतः आला होता. तो आता धडगावकडे पोरांना शिकवतो, कानशिलं पांढरी झाली आहेत. मला ओळखलं. म्हणाला, "गुरुजी, वर जा, उशीर होईल." तुझ्याबद्दल त्याला वाटेतच कळलं होतं. त्यानं तुझं नाव घेतलं नाही, डोक्याचं फडकं सोडून हातात धरून उभा राहिला.

मी वर गेलो. खाली मिरच्या वाळत होत्या, तुझा मुलगा त्यांच्या कडेला उभा राहून चेंडू मिरच्यांत गेला की मोठ्यानं हसत होता. खेळ चांगला झाला. आपण एक गोल केला, त्यांनी फेडला. मला वाटलं, आता पुन्हा तेच होणार. कांब घट्ट धरली. मी ठरवलं की यंदा एक डोळाही खाली जाऊ द्यायचा नाही. पण सूर्य टाकीपासून चांगला वर होता तेव्हाच वेस्तानं दुसरा गोल केला, स्वच्छ, मधोमध, कुणाला शंका घ्यायला जागा नाही असा. आपली मुलं शेवटपर्यंत झटली. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा सूर्य टाकीला टेकलाही नव्हता. घंटेचं कामच पडलं नाही.

निकाल असा, रतन. तळोदे जिंकलं. आणि आता तू उठून जाऊ नकोस, कारण पुराणाचा अध्याय इथंच आहे.

शहाद्याच्या हेडमास्तरांनी ढाल वेस्ताच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. वेस्तानं ती छातीशी धरली, मग सरळ चालत नंदुरबारच्या कप्तानासमोर आला आणि म्हणाला, "मोह सरला की आणून देतो. नावेजवळ ये, तापीवर."

आपला पोरगा गोंधळला. हेडमास्तर हसून म्हणाले, "अरे, तुम्ही जिंकलात. वर्षभर तुमचीच."

वेस्तानं विचारलं, "म्हणूनच पहिली पाळी आमची ना, सर?"

"पाळी कसली? बरोबरी झाली असती तर अर्धी. आता सगळी तुमची."

"मग यांचं काय?" वेस्तानं नंदुरबारच्या मुलांकडे बोट केलं. "हे पण खेळले."

हेडमास्तरांनी रायसिंगकडे पाहिलं. रायसिंग पुढं आला, जरा ओशाळलेला.

"चूक माझी असेल, साहेब. मी पोरांना असंच सांगत आलो. आमच्याकडे ढाल आली ती अशीच आली. तेव्हापासून होळीला पाड्यापाड्यांत काही जिंकलं, ढोल म्हणा, बोकड म्हणा, तर अर्धं वर्ष समोरच्याकडे ठेवतात." तो थांबला. "बोकडाचं जरा अवघड होतं. पण ठेवतात. आम्हांला वाटलं, खाली सगळीकडे असंच असतं."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. हेडमास्तरही. हसू ओसरल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, पुढच्या वर्षीच्या बैठकीत तो विषय नको काढायला." मी म्हणालो, "मी काढणार नव्हतोच."

मग सगळे बसले. बट्ट्या गरम होत्या. तुझ्या जागी, तूप वाढायला, मी उभा राहिलो. सांडलं थोडं. पण सूर्य मावळायच्या आत शेवटचं ताट उचललं गेलं, हे माँजींना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुण जीत्यो?" मी म्हणालो, "तळोदे." त्या म्हणाल्या, "आछो." मग विचारलं, "चेंडू कुठं आहे?" मी म्हणालो, माझ्याकडे, फडताळात. त्या म्हणाल्या, "रतनचा पोरगा विचारत होता. ओटीवर ठेवला तरी चालेल." ओटीवर, रतन. आत नाही. पण ओटीवर.

उद्या नेऊन ठेवणार आहे. आज रात्रीपुरता तो शब्दकोशाजवळ आहे.

एवढं लिहून झाल्यावर माझी बाजू मांडून ठेवतो, नाहीतर तू म्हणशील की पंडित हरला. मी तुझ्यावर दयेचा आरोप केला होता. तो मी मागे घेतो. दयेनं दिलेली वस्तू माणसं कोपऱ्यात ठेवतात, तिचा कायदा करून डोंगरभर वापरत नाहीत. तू त्यांना काय दिलंस ते तुलाही त्या दिवशी पुरतं कळलं होतं का, कोण जाणे. तुला फक्त ती पोरं पुढच्या वर्षी यायला हवी होती. ती आली. उशिरा आली, जिंकून गेली, आणि जाताना जे तू उधळून दिलंस ते परत हातात ठेवून गेली. तुझ्या "थांब ना जरा"ला एवढा वेळ लागायचा होता.

पण गोल आधी होता. ते मी सोडणार नाही. मी वर होतो, मी पाहिलं आहे. चेंडू, मग सूर्य, मग घंटा. तू ऐकलंस म्हणतोस ते तू ऐकलेलं नाहीस. यावर तुझं जे म्हणणं असेल ते ठेव, भेटू तेव्हा बोलू.

चैत्र सरला की तापीच्या काठावर जाईन. आपला कप्तान बरोबर असेल, आणि तुझा मुलगा यायचं म्हणतो आहे. पलीकडून नाव सुटेल, नावेत वेस्ता असेल, आणि ढालीला मोहाचा वास असेल.

तुझा,
पंडित